बरा झालेला माणूस जातो कुठे?

मुंबई-ठाण्याकडे एखाद्याची थट्टा करायची झाली, की 'याला आता ठाण्याला पाठवले पाहिजे' असे सहज बोलले जाते. पुण्याकडची मंडळी त्याच अर्थाने येरवड्याचे नाव घेतात. बोलणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो. तथापि समाज जे उघडपणे कबूल करणार नाही, ते भाषा कधी कधी नकळत बोलून जाते. या वाक्प्रयोगातील क्रियापद 'पाठवणे' हे आहे. मनोरुग्णाला कुठे पाठवायचे हे आपल्या बोलीला पक्के ठाऊक आहे. त्याला परत आणण्यासाठी मात्र तिच्यापाशी असा एखादा रुळलेला शब्दप्रयोग नाही. मनोरुग्णांच्या शुश्रूषेत समाजकार्याचे स्थान कोणते, हा प्रश्न वरवर पाहता व्यवस्थापनाचा वाटतो. थोडे खोलात गेल्यावर मात्र तो नीतीचा प्रश्न असल्याचे ध्यानात येते. बऱ्या झालेल्या माणसाला जागा देण्याचे कर्तव्य कोणाचे, असा तो प्रश्न आहे.

महाराष्ट्रातील जुनी चार मनोरुग्णालये इंग्रजी अमदानीत उभी राहिली. नागपूरचे १८६४ साली, रत्नागिरीचे १८८६ साली, ठाण्याचे १९०१ साली आणि येरवड्याचे १९१५ साली. त्या काळी अशा संस्था वस्तीपासून दूर, उंच भिंतींच्या आत बांधल्या जात. १९१२ च्या 'इंडियन लूनसी ॲक्ट'खाली रुग्णाला बहुधा दंडाधिकाऱ्याच्या हुकमाने आत घेतले जाई. म्हणजे त्या कायद्याची भाषा इस्पितळापेक्षा तुरुंगाला अधिक जवळची होती. आत गेलेला माणूस पुन्हा बाहेर येईल अशी फारशी कोणाची अपेक्षाच नसल्यामुळे तो बाहेर येऊन कुठे जाईल, हा विचारही कोणाला शिवत नसे. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमझिन हे औषध मनोविकारांवर वापरले जाऊ लागले आणि चित्र पालटले. भास थांबू लागले, भीती ओसरू लागली, वर्षानुवर्षे मौन धरलेली माणसे बोलू लागली. औषधाने एक कोडे सोडवले आणि त्याच क्षणी दुसरे पुढे ठेवले. माणूस बरा झाला. आता तो जातो कुठे?

या प्रश्नाचे गांभीर्य समजण्यासाठी मनोविकार माणसाकडून काय काय हिरावून घेतो याचा नीट विचार करावयास हवा. झोप, एकाग्रता, वास्तवाचे भान या गोष्टी जातात, हे आपण जाणतो. परंतु त्यासोबत आणखी एक गोष्ट जाते. ती म्हणजे इतरांच्या आयुष्यातील त्याचे स्थान. समजा, एखादा तरुण सुतार छिन्नमनस्कतेने आजारी पडला आणि चार वर्षे रुग्णालयात राहिला. या चार वर्षांत त्याचे घर थांबून राहत नाही. त्याची खाट जिथे होती तिथे आता पुतण्याचे अभ्यासाचे टेबल येते. शिधापत्रिकेवरचे नाव कमी होते. त्याची हत्यारे कोणी उसनी नेतो आणि ती परत येत नाहीत. घरात काही ठरवायचे असेल तर त्याचे मत विचारण्याची सवय मोडते. दगड उचलून घेतल्यावर पाणी जसे आपोआप ती जागा भरून काढते, तसे कुटुंब त्याच्यावाचून जुळून जाते. यात कोणाचा अपराध आहे असेही म्हणता येत नाही. पण चार वर्षांनी तो बरा होऊन दारात उभा राहतो, तेव्हा त्याचा आजार गेलेला असतो आणि त्याची जागाही गेलेली असते. पहिल्यावर गोळी आहे, दुसऱ्यावर नाही.

समाजकार्याचा प्रांत इथे सुरू होतो. अमेरिकेत बोस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयात डॉ. रिचर्ड कॅबट यांनी १९०५ साली समाजकार्यकर्त्यांची नेमणूक केली, त्यामागील विचार साधा होता: ज्या घरात रुग्ण परत जाणार ते घर ठाऊक नसेल, तर औषधाची चिठ्ठी लिहिणे हे अर्धेच काम होय. आपल्याकडे १९३६ साली मुंबईत समाजकार्याचे शिक्षण देणारी पहिली संस्था निघाली. तीच पुढे 'टाटा समाजविज्ञान संस्था' या नावाने ओळखली गेली. १९३७ साली तिने बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. १९५५ साली व्रतस्थ भगिनींनी मुंबईतच 'निर्मला निकेतन' हे समाजकार्य महाविद्यालय स्थापन केले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात तर या क्षेत्रातील समाजकार्यकर्त्याची स्वतंत्र व्याख्याच दिलेली आहे. शासकीय रुग्णालयांतून त्याला 'समाजसेवा अधीक्षक' असे भारदस्त नाव आहे. त्याचे प्रत्यक्ष काम मात्र मुळीच भारदस्त नसते. रुग्णाची हकीगत टिपून घेणे, घरी जाऊन येणे, शेजाऱ्यांशी बोलणे, बंद पडलेले बँकेचे खाते पुन्हा चालू करणे, अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी खेटे घालणे, जुन्या मालकाला गाठून अर्ध्या दिवसाचे काम मिळेल का ते विचारणे, आणि रुग्ण घरी गेल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी 'गोळ्या चालू आहेत ना?' एवढे विचारावयास पुन्हा जाणे, असे ते काम आहे.

कित्येकदा तर पत्त्यापासूनच आरंभ असतो. रस्त्यावर सापडलेला मनोरुग्ण आपले गाव सांगू शकत नाही. उपचारांनी मन थोडे स्थिर झाले, की तो एखाद्या नदीचे नाव घेतो, जत्रेची आठवण सांगतो, शेतात काय पिकते ते बोलतो. त्याच्या बोलीच्या हेलावरून प्रांत ओळखायचा, जत्रेवरून तालुका, आणि मग पोलीस ठाणे, पोस्ट, सरपंच असे करीत घर गाठायचे. डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांनी १९८८ साली मुंबईत उभारलेल्या 'श्रद्धा' संस्थेने हे काम मोठ्या प्रमाणावर केले आहे. पुढे कर्जत येथे तिचे केंद्र झाले, आणि २०१८ साली डॉ. वाटवानी यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रस्त्यावरच्या माणसाला गोळी देणे आणि त्याला त्याच्या उंबरठ्यापर्यंत पोचवणे, ही दोन्ही कामे तिथे एकाच उपचाराचा भाग मानली जातात. मानसशास्त्राच्या पुस्तकांत या दुसऱ्या कामाला पहिल्याइतकी पाने मिळत नाहीत, परंतु रुग्णाच्या दृष्टीने पाहिले तर दोहोंचे मोल सारखेच आहे.

आता खरी अडचण सांगावयास हवी. समाजकार्यकर्ता उंबरठ्यापर्यंत पोचतो. दार उघडणाऱ्याच्या तोंडावर नेहमी आनंद असतोच असे नाही. मोठा भाऊ बाहेर येतो. दोन खोल्यांचे घर असते. याच भावाने मध्यरात्री त्याला आवरलेले असते, शेजाऱ्यांची बोलणी खाल्लेली असतात, डॉक्टर आणि देवऋषी या दोघांवरही पैसे घातलेले असतात. घरातल्या मुलीचे लग्न ठरायचे असते. 'तो बरा झाला म्हणता, पण उद्या पुन्हा बिघडला तर?' असे तो विचारतो. या माणसाला निर्दय म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु नीतीचा विचार करताना सोप्या वाटेपासून सावध राहावे हे बरे. ज्याने वर्षानुवर्षे एकट्याने ओझे वाहिले त्याला, ज्याने ते एक दिवसही वाहिले नाही अशा आपण कर्तव्याचे धडे द्यावेत, यात एक प्रकारचा अन्याय आहे.

या बाबतीत आपल्याच देशातील एक अनुभव फार बोलका आहे. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे अधीक्षक डॉ. विद्यासागर यांनी रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांच्या नातलगांना त्यांत राहावयास बोलावले. नातलग रुग्णाजवळ राहिले, त्याची शुश्रूषा करू लागले, आजार म्हणजे काय हे रोज डोळ्यांनी पाहू लागले. शेजारच्या तंबूत तशाच दुःखाचे दुसरे कुटुंब होते. त्यामुळे लाज ओसरली. १९५७ पासून वेल्लोर येथेही कुटुंबीयांना रुग्णासोबत ठेवून घेण्याची पद्धत सुरू झाली. पाश्चात्त्य देशांत त्या काळी कुटुंबाला रुग्णालयाच्या दाराबाहेर ठेवण्याची रीत होती, हे लक्षात घेतले म्हणजे या पावलाचे महत्त्व कळते. नातलगांच्या नकारामागे पुष्कळदा अज्ञान आणि थकवा असतो, आणि या दोहोंवर उपाय करता येतो, हा या प्रयोगांचा धडा होय.

पण 'कुटुंब' हा शब्दही जपून वापरावयास हवा. मनोरुग्णाला कुटुंबाने सांभाळावे असे आपण म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात त्याला एक स्त्री सांभाळणार असते. गोळ्यांची वेळ पाळणारी आई असते, रात्री जागणारी पत्नी असते, स्वतःचे लग्न पुढे ढकलणारी बहीण असते. आणि जेव्हा रुग्ण स्वतःच स्त्री असते, तेव्हा हे गणित फार निष्ठुर होते. तिच्यासाठी सासरचे दार बंद असते आणि माहेरचे अर्धेच उघडे. नवऱ्याने आणून सोडलेली आणि पुन्हा कोणी भेटावयास न आलेली बाई ही कोणत्याही मनोरुग्णालयाला नवी नाही. म्हणून 'कुटुंबाने स्वीकारावे' एवढेच सांगून जे समाजकार्य थांबते, ते कर्तव्याची वाटणी करीत नाही. आधीच वाकलेल्या खांद्यावर ते आणखी भार टाकते.

इथून पुढचा प्रश्न अधिक नाजूक आहे. समाजकार्यकर्ता नेमका कोणाचा? रुग्णालयाला खाट रिकामी हवी असते. कुटुंबाला शांतता हवी असते. आणि रुग्णाला काय हवे असते, हे विचारण्याचे पुष्कळदा राहूनच जाते. या तिघांत समाजकार्यकर्त्याची पहिली निष्ठा रुग्णाशीच असली पाहिजे, असे मला वाटते. कारण बाकी दोघांपाशी आपले म्हणणे रेटण्याची काही ना काही शक्ती असते, त्याच्यापाशी ती सर्वांत कमी असते. २०१७ च्या कायद्यानेही हेच सूत्र धरले आहे. उपचारांबाबत निर्णय घेण्याची क्षमता मनोरुग्णाला असू शकते हे तो मान्य करतो, आपल्यावतीने कोणी बोलावे ते ठरवण्याचा अधिकार त्याला देतो, साखळदंडाने बांधणे आणि सक्तीने मुंडण करणे यांस मनाई करतो. या तरतुदींमागे काय आहे हे कळण्यासाठी २००१ सालच्या ६ ऑगस्टची आठवण पुरे. तमिळनाडूतील एरवाडी येथे त्या पहाटे एका खाजगी आश्रयगृहाला आग लागली आणि साखळ्यांनी बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण त्यात प्राणास मुकले. त्यांना पळता आले नाही. त्यांच्या घरच्यांनी त्यांना तिथे ठेवले होते ते बहुधा बरे व्हावे म्हणूनच.

निष्ठेची कसोटी लहान प्रसंगांतून लागते. लग्नाचेच उदाहरण घ्या. 'लग्न करून दिले की सुधारेल' ही समजूत आपल्याकडे सर्व धर्मांत आणि सर्व जातींत आहे. आई-वडील समाजकार्यकर्त्याला गळ घालतात, की मुलीकडच्यांना काही सांगू नका. रुग्णाचे गुपित राखणे हे त्याचे व्यावसायिक कर्तव्य खरेच. ते मोडून परस्पर कोणाच्या कानावर घालणे त्याला शोभणार नाही. पण गुपित राखणे वेगळे आणि फसवणुकीत हातभार लावणे वेगळे. लग्न हे औषध नव्हे, आणि परक्याच्या मुलीला न सांगता परिचारिका म्हणून घरात आणणे हा तिच्यावर अन्याय आहे, एवढे त्याने आई-वडिलांना स्पष्ट सांगितले पाहिजे. आणि सत्य सांगूनही संसार करणारी माणसे असतात, हेही सांगितले पाहिजे. कारण लपवलेला आजार म्हणजे लपवलेल्या गोळ्या, आणि लपवलेल्या गोळ्या लवकरच बंद पडतात. या ठिकाणी सत्य आणि हित एकाच बाजूला उभे असतात.

मार्कच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायाचा उत्तरार्ध आपण बहुधा घाईने वाचतो. कबरींत राहणारा, साखळ्या तोडणारा तो माणूस शुद्धीवर येतो, अंगावर वस्त्र घेऊन शांत बसतो. आणि त्याला तसा पाहून गावकऱ्यांना आनंद होण्याऐवजी भीती वाटते. ओरडणाऱ्या माणसाची त्यांना सवय झालेली होती. शांत बसलेल्या माणसाचे काय करावे हे त्यांना समजेना. तो माणूस येशूबरोबर जाऊ इच्छितो, पण येशू त्याला स्वतःच्या घरी, आपल्या माणसांत जावयास सांगतो. उपचार पूर्ण होतो तो तिथे. त्याचे घरी स्वागत झाले की नाही, हे मात्र सुवार्ताकार लिहीत नाही.

गावाने असे स्वागत केल्याचे उदाहरण इतिहासात आहे, आणि ते एक-दोन पिढ्यांचे नव्हे, कित्येक शतकांचे आहे. बेल्जियममधील गील या गावी संत डिम्फ्ना हिच्या नावाचे मंदिर आहे. मनोरुग्णांची आश्रयदाती म्हणून तिची ख्याती पसरली आणि मध्ययुगापासून दूरदूरचे लोक आपल्या रुग्णांना तिथे आणू लागले. मंदिरालगतच्या जागा अपुऱ्या पडल्या, तेव्हा गावकऱ्यांनी रुग्णांना आपल्या घरांत ठेवून घेतले. तीच पुढे रीत झाली. रुग्ण शेतकऱ्याच्या घरी राहत, त्यांच्या पंक्तीला जेवत, जमेल तसे शेतात काम करीत. त्यांना रुग्ण न म्हणता आपण ज्याला बिऱ्हाडकरू म्हणू अशा अर्थाच्या शब्दाने ओळखले जाई. १९३० च्या दशकाच्या अखेरीस अशा बिऱ्हाडकरूंची संख्या साडेतीन हजारांहून अधिक होती. आज ती फार घटली असली, तरी प्रथा चालू आहे. २०२३ साली युनेस्कोने तिची दखल घेतली. घरधन्याला पाहुण्याच्या आजाराचे नाव सांगितले जात नाही, तो कसा वागतो आणि त्याला काय लागते एवढेच सांगितले जाते, ही तेथील पद्धत मला विशेष विचार करण्याजोगी वाटते. नाव कळले की माणूस नावाशी वागू लागतो.

परंतु गीलची कथा सांगताना भाविकपणाने अर्धीच सांगू नये. ही प्रथा केवळ दयेवर टिकलेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून शासनाने तिची व्यवस्था आपल्याकडे घेतली. कुटुंबांना मोबदला मिळतो, गावात रुग्णालय आहे, परिचारिका नियमाने घरी येऊन जाते, आणि काही बिघडले तर हाकेला माणूस असतो. म्हणजे गावकऱ्यांच्या मायेला पाठीशी एक आधार आहे. तो आधार नसता, तर गीलचा शेतकरी आणि आपला दोन खोल्यांतला मोठा भाऊ यांत फरक उरला नसता. माणुसकी टिकावी असे वाटत असेल, तर ती दमणार नाही याची तजवीज करावी लागते. ही तजवीज म्हणजेच समाजकार्य, अशी त्याची व्याख्या करावयास हरकत नाही.

ज्यांना घरच उरलेले नाही त्यांचे काय? २०१७ चा कायदा सांगतो, की केवळ कुटुंब नाही किंवा कुटुंब स्वीकारीत नाही एवढ्या कारणावरून कोणाला मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. कायदा चांगला आहे. पण कायद्याला भिंती आणि छप्पर नसते. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असे आले, की महाराष्ट्रात मनोरुग्णालयांतील काही जणांना भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवण्यात येत होते. न्यायालयाने ते थांबवण्यास सांगितले. खाट रिकामी झाली, नोंदवही नेटकी झाली, आणि माणूस एका भिंतीआडून दुसऱ्या भिंतीआड गेला. याला घरी जाणे म्हणत नाहीत. याउलट चेन्नईच्या 'बॅनियन' या संस्थेने दीर्घकाळ रुग्णालयात राहिलेल्या स्त्रियांसाठी साध्या वस्तीत भाड्याची घरे घेतली. चार-पाच जणी एकत्र राहतात, बाजारात जातात, भांडतात, स्वयंपाक करतात. मदतीला एखादी कार्यकर्ती असते. घर रक्ताच्या नात्यानेच होते असे नाही, हे अशा घरांनी दाखवून दिले आहे.

यावर कोणी म्हणेल, की हे काम प्रशिक्षितांचे आहे, तर ते त्यांनी करावे. आपण सामान्य माणसांनी काय करायचे? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातील सुमारे १०.६ टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मनोविकार असल्याचे आढळले, आणि त्यांतील बहुसंख्यांपर्यंत उपचार पोचलेले नव्हते. या संख्येला पुरतील एवढे समाजसेवा अधीक्षक कोणतेही सरकार नेमू शकणार नाही. आणि समजा नेमले, तरी ते एक गोष्ट करू शकणार नाहीत. ते शेजारी होऊ शकणार नाहीत. समाजकार्यकर्ता येतो आणि जातो. शेजारी तिथेच असतो. आपल्या कामाची सूत्रे हळूहळू शेजाऱ्यांच्या हाती देऊन आपली गरज कमी करीत नेणे, हे चांगल्या समाजकार्यकर्त्याचे लक्षण होय.

धर्मग्रामातील, वाडीतील, इमारतीतील आपल्याला जे करता येण्याजोगे आहे, ते फार मोठे नाही. परत आलेल्या माणसाला नावाने हाक मारणे. त्याच्यादेखत त्याच्याविषयी तृतीयपुरुषी न बोलणे. लग्नाची पत्रिका देताना त्याचे नाव न गाळणे. त्याला झेपेल असे काम योग्य मजुरी देऊन सांगणे. त्याच्या बहिणीचे स्थळ पाहताना त्याच्या आजाराचा बाऊ न करणे. आणि त्याच्या आईला महिन्यातून एक दुपार मोकळी मिळावी म्हणून त्याच्याजवळ जाऊन बसणे. यातील एकही गोष्ट औषधाच्या चिठ्ठीवर लिहिता येत नाही, आणि यांच्यावाचून चिठ्ठीवरची औषधे फार काळ पुरत नाहीत.

दया आणि न्याय यांत आपण बहुधा दयेला वरचे स्थान देतो. मनोरुग्णाच्या बाबतीत मला हा क्रम उलटा करावासा वाटतो. दया करणारा देतो, आणि मनात आले तर द्यायचे थांबतो. परत आलेल्या माणसाला जी जागा हवी आहे ती आपल्या औदार्यातून द्यायची नाही. ती त्याची होती, तो आजारी असताना आपण ती व्यापली. ती त्याला परत करणे हे देणे फेडण्यासारखे आहे. एकट्या भावावर किंवा आईवर हे देणे टाकता येणार नाही, कारण त्या जागेवर सर्वांनीच थोडे थोडे अतिक्रमण केलेले असते. ते सर्वांनीच थोडे थोडे फेडावयाचे आहे. कोणाच्या वाट्याला किती, हे ठरवण्यास आणि ते वसूल करण्यास जो दारोदार हिंडतो, तो समाजकार्यकर्ता. त्याने आपले दार ठोठावले, तर त्याला वर्गणी मागणारा समजून परत पाठवू नये.